जीपच्या ब्रेकची नळी



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय येत असतात. त्या पंक्तीत जुन्या जीपच्या ब्रेकच्या नळीला पान वाढावे काय, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. माझे उत्तर एवढेच की, आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा आपला जीव या नळीच्या स्वाधीन केलेला आहे. ही नळी जेमतेम करंगळीच्या निम्म्या जाडीची, आणि तिची भिंत एका मिलिमीटरहूनही पातळ असते. घाट उतरताना आपण खिडकीबाहेरची शोभा पाहतो, त्या वेळी गाडीखाली ती आपले काम करीत असते. जोवर ती काम करते तोवर तिची आठवण कोणाला होत नाही. गॅरेजात आणि कारखान्यात राबणाऱ्या माणसांचीही गत पुष्कळशी अशीच असते, म्हणून मला हा विषय जवळचा वाटतो.

प्रथम गाडीविषयी थोडे सांगतो. जीप ही दुसऱ्या महायुद्धाची संतती. अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या लष्करासाठी तयार केल्या. युद्ध संपल्यावर तिची नागरी आवृत्ती निघाली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रांनी मुंबईत या गाडीच्या जोडणीचे काम हाती घेतले. १९५३ साली अमेरिकेत निघालेले, उंच बॉनेटचे ‘सीजे ३ बी’ हे मॉडेल पुढे आपल्या देशात कित्येक वर्षे तयार होत राहिले. धरणांची कामे, जंगलखाते, सर्वेक्षण, निवडणुका, दुष्काळी कामे, सगळीकडे ही गाडी धावली. त्यांतल्या बऱ्याच गाड्या आजही हौशी मंडळींनी जिवापाड जपलेल्या आहेत. रंग नवा, सीटा नव्या, पितळेची चकाकी नवी. पण खाली वाकून पाहिले तर ब्रेकच्या नळ्या पुष्कळदा गाडीच्या जन्मापासूनच्याच असतात.

आता या नळीचे काम काय ते पाहू. पूर्वीच्या मोटारींत पॅडलपासून चाकापर्यंत लोखंडी दांड्या किंवा तारा ओढलेल्या असत. चारही दांड्यांचा ताण सारखा राखणे मोठे कठीण. एक सैल पडली की गाडी एका बाजूला ओढत असे. यावर तोडगा निघाला तो द्रवाच्या एका गुणधर्मातून. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल या शास्त्रज्ञाने मांडला. त्याविषयीचा त्याचा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. मोटारीच्या ब्रेकसाठी या नियमाचा उपयोग करून घेणाऱ्यांत अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याचे नाव अग्रभागी आहे. त्याने १९१७ साली आपले पेटंट मिळवले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसवले गेले, आणि १९२४ च्या क्रायस्लरपासून ते मध्यम किमतीच्या गाडीतही आले.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा, ड्रायव्हरने पॅडलवर ३० किलोचा जोर दिला. पॅडल ही एक तरफ आहे. तिच्यामुळे हा जोर सहापट होतो असे धरले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १८० किलो येतात. दट्ट्याचा व्यास एक इंच, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस सेंटिमीटर. १८० ला पाचाने भागा. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ किलोचा दाब आला. आपल्या चाकातील हवेचा दाब याच मापाने साधारण दोन किलो असतो. म्हणजे टायरच्या अठरापट दाब त्या बारीक नळीत उभा राहतो. समोर पोर आडवे आले आणि ड्रायव्हरने जिवाच्या आकांताने पाय दाबला, तर तो याच्याही दुप्पट होईल. नळीतील हा दाब चाकाजवळच्या लहान सिलिंडरात जातो, तेथील दट्टे ब्रेक-शूंना बाहेर ढकलतात, शू ड्रमला घासतात आणि चाक थांबते. शक्ती येथे फुकट वाढत नाही, हेही लक्षात घ्यावे. पाय चार बोटे खाली जातो तेव्हा शू केसभरच सरकतो. पायाने जे अंतर गमावले त्याच्या बदल्यात जोर मिळाला.

याच हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, नळी फुटायची असेल तर ती दाब सर्वाधिक असताना, म्हणजे ब्रेकची गरज सर्वाधिक असेल त्याच क्षणी फुटते. घराच्या अंगणात हळूच पॅडल दाबून “ब्रेक लागतात हो” असे म्हणणे ही परीक्षा नव्हे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचा द्रव एकच असतो, त्याचे दोन स्वतंत्र भाग केलेले नसतात. पास्कलचा नियम जसा दाब सर्वत्र सारखा पोहोचवतो, तसाच तो दाबाचा नाशही सर्वत्र सारखा पोहोचवतो. मागच्या एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. पुढच्या व मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे असलेले दुहेरी मास्टर सिलिंडर मोटारींत सर्रास येऊ लागले ते १९६० नंतरच्या दशकात. जुन्या जीपमध्ये मग उरतो तो हातब्रेक. तोही चाकाच्या ड्रममध्ये नसून ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर बसवलेला असतो. उभी गाडी धरून ठेवण्यासाठी तो आहे. भरधाव गाडी घाटात थांबवण्याचे काम त्याचे नव्हे.

नळी खराब होते तरी कशी? पोलादाला गंज चढतो, हे बाहेरचे कारण सर्वांना ठाऊक आहे. चिखल, नदीनाल्यांतील पाणी आणि कोकणपट्टीतील खारी हवा ही त्याची खाद्ये. नळी ज्या क्लिपांनी चासीला धरलेली असते त्या क्लिपांमागे ओला चिखल साठून राहतो आणि नळी नेमकी तेथे, नजरेआड, कुजते. दुसरे कारण आतले. नेहमीचे ब्रेक ऑईल म्हणजे ग्लायकॉल जातीचा द्रव. तो हवेतील ओल शोषून घेतो. ती ओल नळी आतून खाते, आणि शिवाय द्रवाचा उत्कलनबिंदू खाली आणते. ‘डॉट ३’ जातीचे ताजे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. लांब घाट सतत ब्रेक दाबून उतरल्यास ड्रम तापतात, चाकाजवळचे ऑईल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पॅडल सरळ पाटाला टेकते आणि गाडी मात्र थांबत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत की, घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ते पास्कल वाचलेले नव्हते, पण त्यांचे म्हणणे शंभर टक्के शास्त्रशुद्ध होते.

नळी बदलायचे ठरले की पहिला प्रश्न असा येतो की, गळते तेवढीच बदलावी की सगळ्या? मालकाचा ओढा पहिल्या पर्यायाकडे असतो. पण सगळ्या नळ्या एकाच वयाच्या आहेत, त्यांनी एकच चिखल खाल्ला आहे आणि एकाच ऑईलचे पाणी प्यायले आहे. एक गेली म्हणजे बाकीच्यांनी नोटीस दिली असे समजावे. एका जीपला साधारण सात-आठ मीटर नळी पुरते. सगळ्या गाडीच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ असते.

दुसरा प्रश्न, नळी कशाची घ्यावी? ब्रेकची पोलादी नळी म्हणजे पाण्याची नळी नव्हे. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून भट्टीत एकजीव करतात, तेव्हा ही दुपदरी नळी तयार होते. तिची बाहेरची जाडी तीन षोडशांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. तिच्याऐवजी बाजारात मिळणारी साधी तांब्याची नळी बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण ती हाताने वाकते आणि गंजत नाही. पण तांबे सततच्या हादऱ्यांनी कडक होत जाते आणि एके दिवशी त्याला तडा जातो. ती वापरू नये. तांबे आणि सुमारे दहा टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची ब्रेकसाठीच बनवलेली नळी मात्र उत्तम. ती पोलादापेक्षा मऊ, गंजाला दाद न देणारी आणि दाबाला पुरी उतरणारी आहे.

आता प्रत्यक्ष काम. आरंभी काम करणाऱ्याच्या जिवाची काळजी, मग गाडीची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चासीखाली भक्कम घोड्या द्याव्यात आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना अडण्या लावाव्यात. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा फार संभव आहे. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन असाध्य रोग होतात, कर्करोगही होतो. म्हणून ड्रम उघडल्यावर हवेच्या झोताने धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके बंद पिशवीत टाकावे. दोन मिनिटे वाचवण्यासाठी हवा मारली जाते, आणि तिची किंमत फिटरचे फुप्फुस वीस-तीस वर्षांनी चुकते करते.

जुन्या नळ्या काढण्यापूर्वी त्या कोठून कशा गेल्या आहेत याचे चित्र काढून ठेवावे. सांध्यांवर गंज सैल करणारे तेल आदल्या दिवशीच सोडावे. नट साध्या पान्याने फिरवू नये. त्याचे कोपरे झिजतात. नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरणारा, नळीपुरती फट असलेला फ्लेअर पाना मिळतो, तो वापरावा. निघालेली नळी फेकून देऊ नये. तीच नव्या नळीचा नमुना. तिच्या वळणांवरून सुतळी धरून लांबी मोजावी आणि टोकांसाठी थोडी जास्त धरावी.

नळी करवतीने कापू नये, चाकाच्या कटरने कापावी. तोंडाची धार आतून-बाहेरून साफ करावी, मग नट नळीवर ओवावा, आणि त्यानंतरच तोंड पसरावे. हा क्रम सांगण्याचे कारण, तोंड पसरल्यावर नट ओवता येत नाही आणि केलेले काम कापून टाकावे लागते.

तोंड पसरणे, म्हणजे फ्लेअर करणे, हा या कामाचा प्राण. जीपला पंचेचाळीस अंशांचा दुहेरी फ्लेअर लागतो. प्रथम नळीची कड आत दुमडायची आणि मग ती दुमड पसरायची, म्हणजे बसण्याच्या जागी पत्र्याचे दोन पदर येतात. एकेरी फ्लेअर पोलादी नळीत चिरतो. तो ब्रेकला चालत नाही. सांधा दाब धरतो तो या पसरलेल्या तोंडावर. आट्यांचे काम फक्त ते तोंड दाबून धरण्याचे. म्हणून आट्यांना पांढरी टेप गुंडाळण्याने काही साधत नाही. उलट तिचे तुकडे आत जाऊन मार्ग अडवतात.

आट्यांच्या बाबतीत एक धोका जरूर ध्यानात ठेवावा. जीपचे नट इंचांच्या मापाचे, तीन अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला चोवीस आटे असलेले. आजच्या गाड्यांचे नट बहुधा दहा मिलिमीटरचे. दोन्ही शेजारी ठेवले तर भल्याभल्यांना फरक कळत नाही. पण इंचाचा नट मिलिमीटरच्या भोकात सैल बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोराचा ब्रेक लागताच आटे सोडून बाहेर येतो. जेथे नट बोटाने चार-पाच आटे सरळ जात नाही किंवा डुगडुगतो, तेथे थांबावे. कारखान्यात या सांध्याला ‘युनियन’ म्हणतात. दोन्ही बाजूंचे आटे एका मापाचे नसले की युनियन दाबाखाली टिकत नाही, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

नळी वाकवताना ती पिचू नये, म्हणून बेंडर किंवा गोल कप्पी वापरावी. ती एक्झॉस्टपासून लांब ठेवावी. मूळ क्लिपांच्या सर्व जागी क्लिपा लावाव्यात. मोकळी नळी हादऱ्याने थकते आणि तुटते. मास्टर सिलिंडरजवळ मूळ नळीला वेढा दिलेला असेल तर तो शोभेचा नाही. हादरे तो पोटात घेतो, म्हणून नव्या नळीलाही तो द्यावा. बसवण्याआधी प्रत्येक नळी आतून स्पिरिटने धुऊन हवेने वाळवावी. पेट्रोल किंवा रॉकेल घालू नये. त्यांनी आतले रबर फुगते. त्याच वेळी रबरी होजही बदलावेत. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून बंद होतो; मग दाब जातो आणि परत येत नाही, आणि ते चाक धरून राहते. मास्टर सिलिंडरजवळचा ब्रेकदिव्याचा स्विचही याच दाबावर चालतो, तेव्हा त्याचा सांधाही तपासावा.

शेवटी ऑईल भरून हवा काढायची. हवा दाबली जाते, ऑईल दाबले जात नाही. म्हणून हवेचा एक बुडबुडाही पायाचा जोर खाऊन टाकतो. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत दूर ते आधी घ्यावे. उजव्या बाजूला पॅडल असलेल्या गाडीत ते बहुधा मागचे डावे. हे दोघांचे काम आहे. एकाने पॅडल सावकाश दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल उघडायचा, आणि पाय वर येण्याआधी तो बंद करायचा. निपलला लावलेल्या रबरी नळीचे टोक बाटलीतील ऑईलमध्ये बुडालेले असावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. टाकीचे तोंड जीपमध्ये पायाखालच्या पत्र्याखाली असते. झाकण काढण्याआधी भोवतालची माती पुसावी. ऑईल नव्या, बंद डब्यातलेच घ्यावे. बाटलीत जमलेले परत ओतू नये. ते विषारी आहे आणि रंग खाते, हेही विसरू नये.

मग पॅडलची भाषा ऐकावी. पॅडल स्पंजासारखे लागले तर आत हवा आहे. घट्ट लागते पण फार खाली जाते, तर शू आणि ड्रम यांतील फट वाढली आहे; ती जुळवावी. पाय दाबून धरला असता पॅडल हळूहळू बुडत जाते, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. पूर्ण जोराने एक मिनिट पाय धरून दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने टिपून पाहावा. कागद कोरडा राहिला, तरच गाडी आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात न्यावी.

या सगळ्याला फाटा देणाऱ्या युक्त्याही प्रचारात आहेत. गळका भाग कापून मध्ये रबरी नळी आवळतात. त्याहून वाईट म्हणजे गळक्या चाकाची नळी ठोकून बंद करतात आणि गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर सोडतात. अशी गाडी जोराचा ब्रेक लागताच एका बाजूला ओढते, आणि ओल्या रस्त्यावर फिरते. मिस्त्रीला हे कळत नाही असे नाही. “संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे” आणि “सध्या एवढ्यात भागवा” या दोन वाक्यांच्या कात्रीत सापडून तो हे करतो. पुढे अपघात झाला म्हणजे दोष आधी ड्रायव्हरवर येतो, मग मिस्त्रीवर.

कायदा मात्र येथे थांबत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम नीट वाचण्यासारखे आहे. धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक जागी जो चालवतो तोच नव्हे, तर जो चालवायला लावतो आणि जो चालवू देतो, तोही अपराधी. दोष ठाऊक असला पाहिजे असेही नाही. साधारण काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही हिशेबात धरला जातो. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले, आणि अशा गाड्या प्रदर्शन, रॅली यांसारख्या मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येतात. पण मोजके अंतर धावणारी गाडीही चुकीच्या क्षणी थांबली नाही, तर समोरच्या माणसाला तिच्या वयाचे कौतुक उरत नाही.

म्हणून आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, किंवा ज्यांच्या हाताखाली दुसऱ्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर आहे, त्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कंदील घेऊन गाडीखाली पाहा, क्लिपांमागे बोट फिरवा. दोन वर्षांनी ऑईल बदला. ड्रायव्हरने “साहेब, पॅडल खाली जाते” असे सांगितले, तर त्याला कामचुकार म्हणू नका. त्याच वेळी गाडी उभी करा. आणि मिस्त्रीच्या बिलात नळ्या, होज आणि एक दिवसाची मजुरी दिसली, बाहेरून गाडीत मात्र काहीच बदल दिसला नाही, तर त्या पैशाची घासाघीस करू नका.